बेकारांची हजेरी

कलकत्त्याच्या सियालदह स्थानकाबाहेर उभे राहिले की पश्चिमेकडे जाणारा एक लांबलचक रस्ता दिसतो. आज त्याचे नाव महात्मा गांधी मार्ग असे आहे. जुन्या पिढीला तो हॅरिसन रोड म्हणून ठाऊक होता. कॉलेज स्ट्रीट ओलांडून, बडाबाजाराच्या गर्दीतून वाट काढीत हा रस्ता हुगळीच्या पुलाशी जाऊन भिडतो. पुलाच्या पलीकडे हावडा स्थानक. म्हणजे ह्या महानगराची जी दोन मोठी दारे, त्यांना जोडणारी ही वाट होय. हावड्याच्या दाराने नागपूर, मुंबई, दिल्ली शहरात येते. सियालदहच्या दाराने बंगालचा ग्रामीण भाग आणि हुगळीच्या पूर्वतीरावरील गिरणगाव.

बंगालीत 'शियाल' म्हणजे कोल्हा आणि 'दह' म्हणजे आपला डोह. कोल्ह्यांचा डोह अशी ह्या नावाची फोड लोक करतात. एके काळी येथे पाणथळ रान होते, हे त्या नावावरून सहज ध्यानात यावे. १८६२ साली ईस्टर्न बेंगॉल रेल्वेचा मार्ग सुरू झाला आणि ह्या डोहाच्या काठी माणसांचा लोंढा येऊ लागला. टिटागड, जगद्दल, काकिनाडा, नैहाटी ही तागाच्या गिरण्यांची गावे ह्याच लोहमार्गावर वाढली. बिहार, संयुक्त प्रांत, ओरिसा आणि आंध्र येथून आलेला मजूर तेथे राबू लागला. मुंबईच्या गिरणगावात कोकणचा आणि घाटावरचा माणूस जसा पोटासाठी आला, तसाच हाही आला. गावाकडची जमीन पोटाला पुरत नव्हती आणि शहरातील काम कायमचे नव्हते. ह्या दोहोंच्या मध्ये त्याचे आयुष्य टांगलेले होते.

अशा माणसाचे काम सुटले म्हणजे त्याने करावे काय? आजच्या भाषणाचा विषय ह्या एका प्रश्नाभोवती फिरणार आहे.

संपाचा इतिहास आपण पुष्कळ ऐकलेला असतो. संप करणाऱ्या कामगाराच्या हाती एक शस्त्र असते. त्याने हात थांबविला की यंत्र थांबते, आणि यंत्र थांबले की मालकाला त्याची आठवण होते. बेकाराचे तसे नाही. त्याच्या हातात थांबविण्यासारखे काहीच उरलेले नसते. त्याने स्वस्थ बसावे तर त्याच्या स्वस्थ बसण्याने कोणाचे काही अडत नाही. शिवाय बेकारी ही माणसाला एकटे पाडणारी गोष्ट आहे. ज्याचे काम गेले तो ते चारचौघांत सांगण्यास लाजतो, दोष आपल्याच नशिबाला लावतो आणि सकाळी गिरणीच्या फाटकाशी जाऊन, कोणी गैरहजर राहिले तर आपली वर्णी लागेल, ह्या आशेने सरदाराच्या तोंडाकडे पाहत उभा राहतो. मुंबईत ह्याला बदली कामगार म्हणत. कलकत्त्यातही शब्द तोच होता. बदलीवाल्याचे नाव हजेरीपटावर कायमचे नसे. तो हजर असूनही त्याची हजेरी कोठेच नसे.

ह्या माणसाजवळ दोनच गोष्टी शिल्लक राहतात : त्याचे पाय आणि सार्वजनिक रस्ता. बेकारांचा मोर्चा ह्या दोन गोष्टींतून जन्माला आला. गिरणीच्या हजेरीपटावरून ज्यांची नावे खोडली गेली, त्यांनी रस्त्यावर येऊन दिलेली हजेरी, असे मोर्च्याचे वर्णन करता येईल. ती हजेरी घेणारे, म्हणजे विखुरलेल्या आणि लाजलेल्या माणसांना एका रांगेत आणून उभे करणारे जे कार्यकर्ते होते, त्यांचीही कथा ह्याच वाटेवर सापडते.

प्रथम १९२७ सालाकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरून गेली होती आणि काटकसर हा सरकारचा व कंपन्यांचा परवलीचा शब्द झाला होता. रेल्वेच्या कारखान्यांत माणसे जास्त आहेत, असा सल्ला १९२६ साली सर व्हिन्सेंट रेव्हन ह्यांच्या समितीने दिला. त्या सल्ल्याचा पहिला मोठा घाव बंगाल–नागपूर रेल्वेच्या खडगपूर कारखान्यावर पडला. ह्या रेल्वेचे एक टोक आपल्या नागपुरात आणि दुसरे हावड्यास. १९२७ च्या आरंभी तेथे एक संप होऊन गेलेला होता. त्या वर्षाच्या उत्तरार्धात दीड हजारांहून अधिक कामगारांना कमी करण्याच्या सूचना निघाल्या, आणि लढा पुन्हा पेटला. ह्या वेळी प्रश्न पगाराचा नव्हता. काम राहणार की जाणार, हा होता. ह्या लढ्याचे नेतृत्व करणाऱ्यांत एक तरुण तेलुगू वकील होते. त्यांचे नाव वराहगिरी वेंकट गिरी. हे नाव ध्यानात असू द्यावे. पुढे ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

१९२८ हे वर्ष उजाडले ते देशभर अशाच बातम्या घेऊन. मुंबईच्या कापड गिरण्यांत मालकांनी नवी पद्धत आणली. दोन मागांऐवजी तीन माग एका विणकराने सांभाळावेत, सूतखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू एकाच माणसाने पाहाव्यात, असा तो हिशेब होता. गणित साधे होते. तीन माणसांचे काम दोघे करणार, म्हणजे तिसरा घरी जाणार. एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुमारे दीड लाख कामगारांनी जो संप चालविला, त्याच्या मुळाशी ह्या तिसऱ्या माणसाची चिंता होती. नारायण मल्हार जोशी ह्यांच्यासारखे सौम्य, घटनावादी नेते आणि डांगे, निमकर, मिरजकर, जोगळेकर ह्यांच्यासारखे तरुण जहाल एका संयुक्त समितीत बसले. त्यांच्या जोडीला अर्जुन आळवे आणि कासले हे प्रत्यक्ष गिरणीत काम केलेले पुढारी होते. दक्षिणेत साउथ इंडियन रेल्वेवरही कपातीच्या प्रश्नावरूनच त्याच वर्षी संप झाला आणि त्याचे पुढारी सिंगारवेलू व मुकुंदलाल सरकार ह्यांना शिक्षा भोगाव्या लागल्या.

कलकत्त्याकडे पाहिले तर हावड्यापलीकडे लिलुआ येथे ईस्ट इंडियन रेल्वेचा प्रचंड कारखाना होता. तेथे काही कामगारांना कमी केल्यावरून आणि वेतनाच्या मागण्यांवरून तंटा उभा राहिला. मार्चमध्ये व्यवस्थापनाने टाळेबंदी जाहीर केली आणि हजारो माणसे एका दिवसात फाटकाबाहेर आली. किरणचंद्र मित्र हे त्यांचे पुढारी. लोक त्यांना जटाधारी बाबा म्हणत. गोपेन चक्रवर्ती, धरणी गोस्वामी, शिवनाथ बॅनर्जी हे तरुण त्यांच्या बरोबरीने उभे राहिले. कारखाना बंद असल्यामुळे संपाचे नेहमीचे शस्त्र बोथट झालेले होते. तेव्हा कामगारांनी रस्ता धरला. गावोगाव आणि फाटकोफाटकी मिरवणुका निघू लागल्या. २८ मार्च रोजी बामनगाछी येथे अशाच एका जमावावर गोळीबार झाला आणि त्यात कामगार मृत्युमुखी पडले. जुलैपर्यंत हा झगडा चालला आणि शेवटी थकून संपला.

लिलुआ थांबले तोच हुगळीच्या काठी, बाऊडिया येथे, तागाच्या गिरण्यांत टाळे लागले. तेथील कामगार जवळजवळ सहा महिने बाहेर होते. त्यांच्यात जाऊन राहिलेल्या कार्यकर्त्यांत बंकिम मुखर्जी आणि राधारमण मित्र हे दोघे प्रमुख होते. राधारमण मित्र हेही नाव ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

ह्या कार्यकर्त्यांची बैठक कोठे असे? सियालदहहून निघणाऱ्या त्याच रस्त्यावर, ३७ हॅरिसन रोड ह्या पत्त्यावर. १९२५ च्या डिसेंबरात काझी नझरुल इस्लाम ह्यांच्या पुढाकाराने 'लांगल', म्हणजे नांगर, नावाचे साप्ताहिक येथून निघाले. त्याचेच पुढे १९२६ मध्ये 'गणवाणी' झाले आणि मुझफ्फर अहमद त्याचे संपादक झाले. मग हे बिऱ्हाड सर्क्युलर रोडलगतच्या युरोपियन असायलम लेनमध्ये गेले. त्या गल्लीला आता अब्दुल हलीम ह्या त्यांच्याच एका सहकाऱ्याचे नाव आहे. शेतकरी–कामगार पक्षाची ही कचेरी. ह्याच नावाचा पक्ष पुढे आपल्या महाराष्ट्रात निघाला, त्याच्याशी हिचा संबंध नाही. कचेरी म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे चित्र येते, तसे येथे काही नव्हते. तेथून रोज गिरण्यांच्या वस्त्यांत जावयाचे, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू बोलणाऱ्या माणसांशी बोलावयाचे, आणि सरदाराचा, सावकाराचा व पोलिसांचा डोळा चुकवून त्यांना एकत्र आणावयाचे, असा तेथील कार्यक्रम असे. बंगाली सुशिक्षित घरांतून आलेल्या ह्या तरुणांना मजुराची भाषासुद्धा शिकावी लागत होती.

त्यांच्यात स्त्रियाही होत्या. नैहाटीजवळच्या गौरीपूरच्या तागगिरणीत १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत संतोषकुमारी देवी ह्यांनी काम उभे केले होते. १९२८ मध्ये प्रभावती दासगुप्ता ह्यांनी कलकत्ता महापालिकेच्या झाडूवाल्यांचा संप चालविला, आणि पुढच्याच वर्षी तागगिरण्यांच्या मोठ्या संपाचे नेतृत्व केले. ज्या समाजात कुलीन घरातील स्त्रीने गिरणीच्या चाळीत पाय ठेवणे निषिद्ध मानले जाई, त्या समाजात हे घडत होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

आता डिसेंबर १९२८. काँग्रेसचे अधिवेशन त्या वर्षी कलकत्त्यास, पार्क सर्कसच्या मैदानावर भरावयाचे होते. अध्यक्ष पंडित मोतीलाल नेहरू. त्यांची मिरवणूक पांढऱ्या घोड्यांच्या रथातून निघाली. गणवेशधारी स्वयंसेवकांचे दल सुभाषचंद्र बोस ह्यांच्या सेनापतित्वाखाली संचलन करीत होते. शहर भारावून गेले होते. त्याच आठवड्यात कॉलेज स्ट्रीटवरील आल्बर्ट हॉलमध्ये, म्हणजे पुढे जेथे प्रसिद्ध कॉफी हाऊस झाले त्या वास्तूत, शेतकरी–कामगार पक्षाची अखिल भारतीय परिषद भरली. पंजाबचे सोहनसिंग जोश तिचे अध्यक्ष होते आणि मुंबईचे रघुनाथ शिवराम निमकर सरचिटणीस म्हणून निवडले गेले. सहा महिने मुंबईच्या संपात उन्हातान्हांत हिंडलेली मराठी माणसे आणि लिलुआ–बाऊडियातून आलेली बंगाली माणसे येथे एका छताखाली बसली.

ह्या बैठकीनंतर काही दिवसांतच, ३० डिसेंबर रोजी, कलकत्त्याने एक वेगळीच मिरवणूक पाहिली. हुगळीच्या दोन्ही तीरांवरील गिरण्या व कारखाने येथील कामगार काँग्रेसच्या मंडपाकडे चालत निघाले. त्यांची संख्या कोणी वीस हजार सांगतात, कोणी पन्नास हजार. पश्चिम तीराकडून येणाऱ्यांना हावड्याचा त्या काळचा तरंगता पूल ओलांडून शहरात यावे लागे. मंडपाच्या दाराशी स्वयंसेवकांनी त्यांना अडविले; क्षणभर वातावरण तापले. मग नेत्यांनी मध्यस्थी केली, दारे उघडली गेली आणि प्रतिनिधींसाठी मांडलेल्या त्या भव्य मंडपात अंगावर धड वस्त्र नसलेली माणसे जाऊन बसली. सुमारे दोन तास त्यांनी तेथे सभा केली. त्या सभेत त्यांनी संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी करणारा ठराव संमत केला, आणि ज्या शिस्तीने आली होती त्याच शिस्तीने ती माणसे निघून गेली.

ह्या प्रसंगाचा अर्थ काय लावावा? काम गेलेल्या माणसांनी भाकरी मागावी, हे आपण समजू शकतो. त्यांनी स्वातंत्र्य का मागितले? काही टीकाकार म्हणतात की, ठराव पुढाऱ्यांचा होता आणि कामगार केवळ संख्या दाखविण्यासाठी आणले गेले होते. हा आक्षेप सर्वस्वी उडवून लावण्यासारखा नाही. तागगिरण्यांच्या इतिहासाचे अभ्यासक दीपेश चक्रवर्ती ह्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले आहे की, बाबू पुढारी आणि मजूर ह्यांचे नाते पुष्कळदा जमीनदार आणि रयत ह्यांच्या नात्यासारखेच राहिले. संप संपला की संघटना विरून जाई. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. लिलुआचे कारखाने ज्या रेल्वेचे, ती सरकारच्याच ताब्यात होती. टाळे लावणारे तेच आणि गोळी झाडणारेही तेच. मालक, सरकार आणि भूक ह्यांचा संबंध समजण्यास त्या कामगाराला पुस्तक वाचण्याची गरज नव्हती. तो बामनगाछीस शिकून आला होता.

आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. त्या अधिवेशनात सुभाषबाबूंनी संपूर्ण स्वातंत्र्याची उपसूचना मांडली, ती ९७३ विरुद्ध १३५० मतांनी पडली. सरकारला एका वर्षाची मुदत देण्यात आली. वर्ष संपले आणि १९२९ च्या डिसेंबरात लाहोरला काँग्रेसने जो ठराव केला, तो संपूर्ण स्वराज्याचाच. मंडपाबाहेर अडविलेली माणसे मंडपातील बहुमताच्या एक वर्ष पुढे होती.

ह्या हजेरीची किंमत कार्यकर्त्यांनी लवकरच मोजली. २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड झाली आणि मीरतचा खटला उभा राहिला. कलकत्त्याचे मुझफ्फर अहमद, गोपेन चक्रवर्ती, धरणी गोस्वामी, राधारमण मित्र, शिवनाथ बॅनर्जी. मुंबईचे डांगे, घाटे, निमकर, जोगळेकर, मिरजकर, आळवे, कासले. ब्रिटनहून येथे येऊन कामगारांत मिसळलेले फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडली. हे सारे एकाच पिंजऱ्यात उभे राहिले. वृद्ध मराठी कामगार पुढारी धुंडिराज ठेंगडी खटला चालू असतानाच निवर्तले. निकाल लागावयास जानेवारी १९३३ उजाडले. म्हणजे जागतिक मंदीच्या ज्या वर्षांत बेकारी कधी नव्हती इतकी वाढली, त्या वर्षांत बेकारांना एकत्र आणणारे अनेक पुढारी तुरुंगात होते.

मंदीचे परिणाम किती भयंकर होते? तागाची मागणी कोसळली. १९३१ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने कामाचा आठवडा चाळीस तासांवर आणला, काही माग मोहोरबंद केले, आणि अनेक पाळ्यांची पद्धत बंद करून एकच पाळी ठेवली. १९२९ मध्ये तागगिरण्यांत सुमारे साडेतीन लाख माणसे होती. चार वर्षांत ती अडीच लाखांच्या आसपास आली. म्हणजे प्रत्येक सात माणसांपैकी दोघे गेले. रेल्वेनेही हजारो माणसे कमी केली आणि त्या प्रश्नावर १९३१ मध्ये सरकारला चौकशी न्यायालय नेमावे लागले. पण तागगिरणीतून गेलेल्या मजुराची चौकशी कोणी केली नाही. तो बहुधा मुकाट्याने गावी परतला, आणि गावच्या उपासमारीत त्याची बेकारी दिसेनाशी झाली. आपल्याकडे बेकारीचे आकडे पुष्कळ काळ लहान दिसत राहिले, त्याचे एक कारण हे आहे. गाव तिला पोटात घेत असे.

विलायतेत परिस्थिती वेगळी होती. तेथे गावी परतण्याची सोय नव्हती, म्हणून बेकार राजधानीकडे चालू लागला. वॉल हॅनिंग्टन ह्यांच्या बेकार कामगार संघटनेने १९२२ पासून लंडनवर भूक-मोर्चे नेले. १९३६ च्या ऑक्टोबरात जॅरो ह्या जहाजबांधणीच्या गावातील दोनशे माणसे महिनाभर पायी चालून लंडनला पोहोचली. पार्लमेंटने त्यांना काम दिले नाही. तरीही त्या गावाचे नाव इतिहासात राहिले. कारण एका गावाची बेकारी ही साऱ्या राष्ट्राची लाज आहे, हे त्या पायांनी दाखविले.

आपल्याकडे तागगिरण्यांच्या मजुराने उत्तर दिले ते १९३७ मध्ये. मंदी ओसरली, गिरण्यांना नफा होऊ लागला, पण कामाचा बोजा तसाच राहिला. त्या वर्षी फेब्रुवारीपासून मेपर्यंत दोन लाखांहून अधिक कामगार संपावर गेले. तोपर्यंत मीरतचे अनेक कैदी सुटून आले होते आणि पुन्हा कामाला लागले होते.

मग फाळणी आली, आणि सियालदहचे रूप पालटले. ताग पिकविणारी बरीचशी जमीन पाकिस्तानात गेली आणि गिरण्या भारतात राहिल्या. ज्या लोहमार्गाने मजूर येत, त्याच मार्गाने आता घरदार गमावलेली कुटुंबे येऊ लागली. १९५० च्या दंगलींनंतर तर सियालदहच्या फलाटांवर चटई टाकावयास जागा उरली नाही. शाळामास्तर, विणकर, कोळी, शेतकरी, वकिलांचे कारकून, सारे एका फरशीवर आले. आजवर मजुराच्या वाट्याला आलेली बेकारी आता मध्यमवर्गाच्या दारात येऊन बसली. त्याच वर्षी निर्वासितांची संयुक्त मध्यवर्ती परिषद स्थापन झाली आणि निर्वासितांचे मोर्चे कलकत्त्याच्या रस्त्यांना परिचित झाले. 'दान नको, पुनर्वसन हवे' हा त्यांच्या मागण्यांचा आशय होता, आणि पुनर्वसन ह्याचा अर्थ अखेर काम हाच होता. ह्यांपैकी अनेक कुटुंबे पुढे दंडकारण्यात गेली. काही आपल्या चांदा जिल्ह्यात, आज ज्याला गडचिरोली म्हणतात त्या भागात, वसली. तेथील बंगाली वस्त्यांची पाळेमुळे शोधीत गेले तर ती सियालदहच्या फलाटावर पोहोचतात.

३१ ऑगस्ट १९५९ रोजी अन्नधान्याच्या प्रश्नावर जो विराट मोर्चा कलकत्त्यात निघाला, त्यात भूमिहीन शेतमजूर, निर्वासित आणि गिरणी कामगार एकत्र आले होते. पोलिसांच्या लाठीमारात व नंतरच्या दिवसांतील गोळीबारात ऐंशी माणसे मेली, असे आंदोलकांचे म्हणणे होते. १९६६–६७ मध्ये रेल्वेकडून वाघिणींची मागणी घटली, अभियांत्रिकी कारखान्यांत पुन्हा कपात सुरू झाली, आणि 'घेराव' हा शब्द बंगालमधून देशाच्या वृत्तपत्रांत पसरला.

एवढ्या पावलांनी मिळविले काय, असा प्रश्न कोणी विचारील. आता मघाशी ध्यानात ठेवलेल्या दोन नावांकडे वळू.

खडगपूरच्या कपातीविरुद्ध लढलेले गिरी १९५२ मध्ये स्वतंत्र भारताचे कामगारमंत्री झाले. त्यांच्याच कारकीर्दीत, १९५३ मध्ये, औद्योगिक तंट्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. कामगाराला कमी करावयाचे असेल तर एक महिन्याची सूचना किंवा तेवढे वेतन दिले पाहिजे, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन भरपाई म्हणून दिले पाहिजे. तात्पुरते बसवून ठेवले तर अर्धे वेतन दिले पाहिजे, असे त्या दुरुस्तीने ठरविले. १९२७ मध्ये खडगपूरच्या माणसाला ह्यांतले काहीच कायद्याने मिळत नव्हते. हा कायदा नोकरी वाचवीत नव्हता, हे खरे. पण कामगाराला फाटकाबाहेर काढणे ही मालकाची खासगी बाब नाही, तिची किंमत मोजावी लागते, एवढे तरी त्याने मान्य केले. गिरी पुढे राष्ट्रपती झाले, आणि त्या पदावर असताना १९७० मध्ये त्यांनी जे पुस्तक लिहिले, त्याचा विषय कोट्यवधींना काम कसे मिळेल, हाच होता.

राधारमण मित्र ह्यांची वाट निराळी झाली. बाऊडियाच्या मजुरांबरोबर चाललेल्या ह्या माणसाने उतारवयात कलकत्त्याचे रस्ते, गल्ल्या, वाडे ह्यांचा इतिहास लिहिला. 'कलिकाता दर्पण' हे त्या ग्रंथाचे नाव, आणि त्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्याने शहर पायांनी ओळखले, त्यानेच ते लेखणीने उतरविले, ह्यात मला मोठे औचित्य वाटते.

महाराष्ट्राने ह्या प्रश्नाला आणखी एक उत्तर दिले. १९७२ च्या दुष्काळात गावाच्या पोटात दडलेली बेकारी एकदम उघडी पडली. शहाद्याच्या आदिवासी मजुरांपासून सांगलीच्या शेतमजुरांपर्यंत अनेकांच्या मोर्च्यांतून मागणी उठली ती कामाची. दुष्काळी कामांवर एका वेळी पन्नास लाखांच्या आसपास माणसे खडी फोडीत होती. वि. स. पागे ह्यांनी तासगाव तालुक्यात प्रयोग करून पाहिलेली रोजगार हमी योजना त्या वर्षी राज्यभर लागू झाली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणे हा याचकाचा हात नसून नागरिकाचा हक्क आहे, हे तत्त्व त्याने कायद्याच्या भाषेत आणले. २००५ मध्ये देशाच्या संसदेने ग्रामीण भागासाठी तशाच स्वरूपाचा कायदा केला. रोजगार हमीच्या कामावरचा जो हजेरीपट असतो, त्यावर ज्या बाईचे नाव चढते, तिला ते नाव मिळवून देण्यात कोणकोण चालले होते, हे तिला ठाऊक नसते. आणि ठाऊक असण्याची सक्तीही नाही.

एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने पश्चिम बंगालमधील पंचवीस हजारांहून अधिक शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या नेमणुका रद्द झाल्या. निवडप्रक्रिया दूषित होती, हे न्यायालयाचे कारण. आम्ही कोणतेही गैरकृत्य केलेले नसता आमची नोकरी का जावी, हा त्यांतील अनेकांचा प्रश्न. न्यायान्यायाचा तो वाद येथे सोडविण्याचा माझा अधिकार नाही. पण नोकरी गेल्यावर ही शिकलीसवरलेली माणसे कोठे गेली, ते पाहण्यासारखे आहे. त्यांचा एक मोर्चा धर्मतल्याकडे निघाला, तो सियालदहपासून. खडगपूरचा लोहार आणि शाळेतला शिक्षक ह्यांच्यात जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे. पण काम गेल्यावर दोघांपाशी जे उरले, ते तेच होते.

सियालदहच्या स्थानकातून आजही गर्दी बाहेर पडते. त्या गर्दीत कामाला जाणारा कोण आणि कामाच्या शोधात हिंडणारा कोण, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. एरवी त्यांची मोजदाद कोणी ठेवीत नाही. ज्या दिवशी ते एका रांगेत चालू लागतात, त्या दिवशी ती आपोआप होते.